सुट्टी? नको रे बाबा!

मे महिन्याची सुट्टी म्हटलं की आपण एकदम खूश! पण माझ्या मावसबहिणीचा नऊ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा सुट्टीतही सकाळी दप्तर घेऊन दारात उभा. व्हॅन येत नाही म्हणून आकांत. ताईही रडकुंडीला.

मग थेरपिस्टने फंडा दिला, चित्रांचं वेळापत्रक! कुंड्यांना पाणी, राजमा-चवळी वेगळी करणं, आमरसासाठी आंबे पिळणं, झोका... फ्रिजवर ओळीने फोटो. काम झालं की फोटो डब्यात. पुढे काय, हे डोळ्यांना दिसलं की धास्ती कमी होते. व्हॅनचा फोटो? तो कॅलेंडरवर, जूनच्या पानावर.

तुमच्या ओळखीतही असं घर असेल ना? शनिवारी तासभर जा. ताईसारख्या आईला निवांत चहा पिता येईल. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे फ्रिजवर तुमचाही फोटो लागेल!