वाकड्या भिंतींचा कैवार

१४ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी स्पेनचे वास्तुशिल्पी आन्तोनी गौदी (१८५२-१९२६) ह्यांना 'वंदनीय' म्हणून मान्यता दिली आणि बार्सिलोनातील त्यांच्या 'साग्रादा फामिलिया' ह्या ख्रिस्तमंदिराची पुन्हा स्तुती झाली. त्यांनी बांधलेल्या घरांविषयी मात्र आपली मंडळी हात आखडून बोलतात. मंदिर ही साधना आणि घरे ही धनिकांची हौस, ही विभागणी आम्हांला मुळीच मान्य नाही.

त्याच शहरातले 'कासा मिला' पाहा. १९०६ ते १९१२ ह्या काळात उभ्या राहिलेल्या ह्या इमारतीचे दर्शनी अंग लाटेसारखे हेलकावते. लोकांनी तिला 'दगडाची खाण' म्हणून हिणवले. परंतु मजल्यांचा भार आतले खांब व तुळया पेलतात. म्हणून खोल्यांच्या भिंती गरजेप्रमाणे हलवता येतात. गच्चीखाली विटांच्या २७० कमानी आहेत. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की तिला जो बाक येतो, तो उलटा केला म्हणजे ही कमान. ह्यात लहर कुठे आहे? वजन ज्या वाटेने खाली उतरू पाहते, तीच वाट गौदींनी त्याला दिली. आणि ह्या 'हौशी' घराच्या माथ्यावर त्यांनी 'नमो मरिया' प्रार्थनेचे लॅटिन शब्द कोरविले, हे टीकाकारांना ठाऊक नसावे.

१९०४ ते १९०६ मध्ये त्यांनी 'कासा बात्लो' ह्या जुन्या घराचे रूप पालटले. तिथला आतला चौक आम्हांला दर्शनी नक्षीहून मोलाचा वाटतो. वरती ऊन मुबलक, म्हणून तिथे गडद निळ्या फरश्या व लहान खिडक्या. खाली उजेड मंदावतो तसतशा फरश्या फिकट आणि खिडक्या मोठ्या होत जातात. मालक श्रीमंत होता, कबूल. पण खालची खिडकी वरच्यापेक्षा मोठी ठेवायला कुबेराचे धन लागत नाही.

आमचा खरा राग नकलाकारांवर आहे. दर्शनी भागावर सिमेंटचा शिंपला चिकटवायचा, त्याला 'निसर्गरूप घर' म्हणायचे आणि आत माणसांना वाऱ्यावाचून कोंडायचे! पण मंदिराचे गोडवे गाणारेही निर्दोष नाहीत. ज्या मंदिराला पवित्र कुटुंबाचे नाव आहे, त्याच्यापुढे नतमस्तक व्हावे आणि कुटुंब जिथे रांधते, निजते, आजारी पडते त्या घराचा विचार मात्र हौस ठरवावा, हा कुठला न्याय?

तेव्हा नव्या घराचा नकाशा पसंत करताना दर्शनी चित्रावर मान डोलावण्याआधी वास्तुविशारदाला एवढे विचारावे, की भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागेल काय?