पन्नाशीआधीच गंजणाऱ्या गाड्या

पुनावळ्यात जुनी गाडी घरच्या घरी नीट करायची म्हटली, तर आधी जागा शोधावी लागते, हातोडीची पाळी नंतर येते. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि महामार्गाखालचा भुयारी मार्ग रोज संध्याकाळी तुंबू लागला. फ्लॅटबरोबर एक पार्किंग मिळते, पण तिथे ग्राइंडर लावला की दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. गावठाणात काही घरांपुढे अंगण किंवा कोपऱ्यातले शेड अजून उरले आहे. ज्याच्याकडे ते आहे, त्याने ते भाड्याने द्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

गंमत अशी की हे सगळे गाड्या बनवणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध चालले आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये पिंपरीत पाय रोवले. कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या आग्रहामुळे तिथे आधी यंत्रे, साचे आणि ती घडवणारी माणसे तयार झाली, आणि इथला पहिला ट्रक थेट १९७७ मध्ये बाहेर पडला. १९९१ ची सिएरा इथलीच, १९९८ ची इंडिकाही इथलीच. १९९५ मध्ये मर्सिडीजची भारतातली जुळणी टेल्कोच्याच आवारात सुरू झाली, तर फोक्सवॅगन २००९ मध्ये चाकणला आली. पत्रा दाबून दरवाजा कसा होतो, हे ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे रोज पाहिले, अशी निवृत्त माणसे चिंचवड, आकुर्डी, निगडीच्या गल्लोगल्ली आहेत. एवढे कसब जवळ असूनही या शहराकडे तीस वर्षांच्या मोटारीला पत्रेकामासाठी द्यायला जागा नाही, आणि धोरणाकडे तिच्यासाठी नाव नाही.

धोरणाचे गणित साधे आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. गाडी किमान पन्नास वर्षांची हवी, मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, नोंदणीची मुदत दहा वर्षे, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला मात्र मनाई. ही सोय चांगली आहे, पण पन्नाशीपर्यंत पोहोचेल त्याच गाडीला. साध्या गाडीची पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करावी लागते. मोटारीसाठी तिचे शुल्क एकेकाळी सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ मध्ये ते पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. गाडी भंगारात काढली, तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. म्हणजे विसाव्या वर्षी भंगारात काढण्यासाठी बक्षीस आणि पन्नासाव्या वर्षी वारसा म्हणून सत्कार. मधली तीस वर्षे मालकाने एकट्याने रेटायची. पहिली सिएरा या हिशेबाने २०४१ मध्ये वारसा ठरेल.

जगात हा आकडा पन्नास नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत तिसाव्या वर्षी जपलेल्या गाडीला नंबरात ‘एच’ अक्षर मिळते. भारतानेही तीसवर यायला हरकत नसावी. वर्षातून मोजके किलोमीटर धावणाऱ्या मोटारींनी हवेचे किती नुकसान होईल? रोज भुयारी मार्गात पाऊण तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्यांपेक्षा नक्कीच कमी.

या मधल्या तीस वर्षांत गाडी मरते ती पत्र्याने. इंजिन सहसा मरत नाही. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे पुन्हा उभे राहते. ब्लॉक बोअर होतो, क्रँक घासून मिळतो. पण वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बनवलेल्या या गाडीचा तळपत्रा आता नवा मिळत नाही, तो हाताने घडवावा लागतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जपा, अशी मागणी टॅक्सी संघटनेने केली होती. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची, ताडपत्रीखाली, चारही चाकांत हवा नसलेली.

अशी गाडी बाहेरून पाहून काहीच कळत नाही. गालिचा काढा, पायाखालचा पत्रा टोकदार हातोडीने ठोकून पाहा. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बसतो. बाहेरच्या अंगावर लोहचुंबक फिरवा. तो जिथे धरत नाही, तिथे आधीच्या कुणीतरी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थर चढवून भोक झाकलेले आहे. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगचा हा जुना रोग. लांबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, तीही सपाटी आणण्यापुरती. गंजावर ती चढवली की खालचा गंज निवांत पसरत राहतो आणि एखाद्या पावसाळ्यानंतर तुकडा हातात येतो. पत्रा न कापता केलेल्या कामाला रिस्टोरेशन म्हणू नये. तो नुसता मेकअप.

कापण्याआधी गाडीची जात ओळखावी लागते. सिएरा ट्रकसारख्या वेगळ्या चॅसीवर बसलेली आहे, पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. तिचे अंगच तिचा सांगाडा आहे. दारांखालचा पोकळ चॅनेल कुजला म्हणून उत्साहाने दोन्ही बाजूंनी एकदम कापला, तर गाडी मधोमध बसते आणि नंतर दारे लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपांचे आडवे-तिरके टेकू वेल्ड करायचे, मग एक बाजू घ्यायची, ती पुरी करायची आणि तेव्हाच दुसरीला हात लावायचा. घाईत हीच पायरी गाळली जाते.

पुढचे काम संथ आहे आणि खरा आनंद त्यातच आहे. चकाकता पत्रा लागेपर्यंत कापत जायचे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा नमुना काढायचा. साधारण वीस गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित पातळ सीआर पत्रा त्यावरून कातरायचा. मिग वेल्डिंगचे टाके सलग मारायचे नाहीत. एक इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये पत्रा निवू द्यायचा, नाहीतर उष्णतेने तो पापडासारखा वाकतो. मग मागे डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हातोडीने तो मठारायचा. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घागरींवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले मठारकाम हे याच हुनराचे सख्खे भावंड, तरी मोटारीच्या डेंटरला कारागीर म्हणायला आपली जीभ रेटत नाही. शेवटी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, पोकळ चॅनेलमध्ये मेण. आजच्या कारखान्यात गाडीचे संपूर्ण अंग प्रायमरच्या हौदात बुडवतात, त्यामुळे आतले कोपरेही भिजतात. घरी तसा हौद नाही, म्हणून मेणाची पायरी चुकवू नये. आणि साधा प्रायमर लावून गाडी जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवू नये. तो ओल पितो.

आता सोसायटीची बाजू. ती बरोबर आहे, हे हौशी मंडळींना आवडणार नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये, शंभर गाड्यांच्या इंधन टाक्यांशेजारी वेल्डिंग करणे हा वेडेपणा आहे. स्वतःच्या शेडमध्येसुद्धा टाकी काढल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय ठिणगी पाडू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासला की धूळ घरातल्या लेकरांच्या श्वासात जाते. शेवटच्या रंगाचा हट्ट तर घरी धरूच नये. हार्डनर मिसळून मारायच्या रंगांत आयसोसायनेट असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क तिथे कामाचा नाही. पत्रा घरचा, रंग बूथमधला, अशी वाटणी शहाणपणाची.

सुट्या भागांचे दुखणे वेगळेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगार गोदामे मोठ्या प्रमाणावर पाडली. तिथे वारंवार लागणाऱ्या आगी पाहता कारवाईला कारण होते. पण भंगारवाल्याकडे जुना दरवाजा शोधणाऱ्याला आता आणखी लांब जावे लागते, पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत.

उपाय महाग नाही. मोरवाडीत महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे. सुट्टीच्या दिवशी अशा संस्थेतले एक शेड नागरिकांना तासाच्या भाड्याने द्यावे. वेल्डिंग मशीन, पत्रा वाकवायचे यंत्र, अग्निशामक नळकांडी आणि देखरेखीला एक निवृत्त डेंटर किंवा टूलरूमचा माणूस, त्याला रीतसर मानधन. विद्यार्थ्यांनाही तिथे पुस्तकात नसलेला गंज पाहायला मिळेल. केंद्राने दोन गोष्टी कराव्यात. वयाची अट पन्नासवरून तीसवर आणावी. आणि व्हिंटेज नियमात अंगाच्या सांगाड्यात बदल चालत नाही असे जे म्हटले आहे, त्यात त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा बदलणे ही दुरुस्ती मानली जाईल, असे एक वाक्य घालावे. नाहीतर ज्याने प्रामाणिकपणे गंज कापला तो आरटीओत अडकेल आणि ज्याने लांबी थापली त्याची गाडी ‘मूळ रूपात’ म्हणून पास होईल.