मीठ कुणी मोजायचं?

आधी मुलाचे डोळे सुजले, मग पाय. लघवीतून प्रथिनं जात होती. नेफ्रॉटिक सिंड्रोम. शहरातल्या एका दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि 'मीठ बंद' लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला. शेजारी मुलाचे बाबा बसले होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

गोंडपिपरीला परतल्यावर कळलं, मीठ कुठे कुठे असतं ते. सुकटीत, लोणच्यात, पाच रुपयांच्या पाकिटात. पापडात मिठासोबत पापडखार, बिस्किटात सोडा. शेजारीण म्हणाली, सैंधव वापर. तेही मीठच! 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या आजारात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आणि सूज असेपर्यंतच पथ्य कडक, ओसरली की बेताचं मीठ चालतं, हे मी खोदून विचारलं तेव्हा दुसऱ्या खेपेला सांगितलं. तोवर लेकरू अर्धपोटी उठत होतं.

सासूबाई म्हणत, "लेकराले कायले अळणी खाऊ घालतं वं?" बाबा संध्याकाळी पाकीट आणत. पोर खुश. सूज वाढली की प्रश्न मला: "तू काय खाऊ घातलंस?" हा आजार साध्या सर्दीनेही उलटतो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात आईच. लाड त्यांचे, पथ्य माझं, हे कुठलं वाटप?

रोवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून आल्यावर दोनदा स्वयंपाक मी का करावा? केला नाही. एकच भाजी, अगदी कमी मिठाची. मोठ्यांनी हवं तर ताटात वरून घ्यावं. आठवडाभर भांडण झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांनाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. मुलांना त्याहून कमी. तेव्हा घरच्यांनी माझ्यावर काही उपकार केले नाहीत.

शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. आजारी मुलाला मात्र उत्तर मिळालं, "घरून डबा आणा." म्हणजे पुन्हा आईच! मार्ग काढला तो स्वयंपाक करणाऱ्या बाईने. मीठ घालण्याआधी ती त्याचा भात-वरण वेगळं काढते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या तिला जे सुचलं, ते वर बसलेल्यांना लेखी नियम म्हणून का सुचू नये?

पुढल्या तपासणीला बाबांनाही नेणार आहे. कागद त्यांच्या हातात द्या, असं डॉक्टरांना सांगणार आहे.