थार वाळवंटात गाडी न्यायचीय? लाखोंच्या मॉडिफिकेशनआधी टायरमधली हवा बघा

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा मित्र दोन गाड्या घेऊन पुण्याहून जैसलमेरला गेलो. त्यातल्या एका फोर बाय फोर गाडीवर मित्राने वर्षभरात जवळपास अडीच लाख रुपये ओतले होते. दोन इंचांचा लिफ्ट किट, मोठे मड-टेरेन टायर, पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर आणि त्यावर एलईडी लाइट बार. खुरीजवळच्या पहिल्याच धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, ही गाडी शंभर मीटरही न जाता रुतली. मित्राने ॲक्सिलरेटर दाबला, चाके जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटावर बसली.

मदतीला आलेल्या स्थानिक जीपचालकाने बंपर, लाइट कशाकडेच पाहिले नाही. तो टायरपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "साब, हवा तो पूरी भरी हुई है." त्याने चारही टायरची हवा निम्म्यावर आणली, फावड्याने चाकांमागची वाळू काढली आणि गाडी स्वतःच्या ताकदीवर मागे आली. हा सगळा खेळ वीस मिनिटांचा. गाडीत दोन इंजिनीअर होते, त्यातला एक मी. तरीही आम्हाला हे सुचले नव्हते.

म्हणूनच हा लेख. हिवाळ्यात महाराष्ट्रातून जैसलमेरकडे स्वतःची गाडी घेऊन जाणारे अनेक जण आहेत. त्यातले कित्येक जण आधी गाडी सजवतात आणि वाळू कशी वागते हे मात्र तिथे जाऊन शिकतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे मत आहे.

वाळूत गाडी रुतते का?

हिशेब शाळेतलाच आहे. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. १,७०० किलोची गाडी आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा धरली, तर एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहून थोडा मोठा. हवा १६ पीएसआय केली की हाच भाग जवळपास दुप्पट होतो. टायरच्या बाजूच्या भिंती कडक असल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो आणि वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून चालतो.

साधारणपणे १८ पीएसआयपासून सुरुवात करावी, वाळू मऊ लागली तर १५ पर्यंत यावे. त्याखाली फक्त अडकल्यावर आणि अगदी सावकाश जावे. कारण कमी हवेत जोरात स्टीअरिंग वळवले तर टायर रिमवरून निघू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर परत येताच हवा भरलीच पाहिजे. १५ पीएसआयवर हायवेच्या वेगाने गाडी पळवली तर टायर तापून फुटू शकतो.

हे नव्याने सापडलेले ज्ञान आहे का?

अजिबात नाही. १९४० मध्ये राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इजिप्तमध्ये 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभारला. लिबियाच्या वाळवंटात शेकडो किलोमीटर आत जाणाऱ्या या तुकडीचे शेव्हर्ले ट्रक बहुतांशी टू-व्हील ड्राइव्ह होते. त्यांनी दरवाजे आणि काचा काढून वजन घटवले, टायरची हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या नेल्या आणि रेडिएटरचे उकळलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून वाफ पुन्हा पाणी करणारा डबा बसवला. मध्यंतरी त्यांना फोर्डचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक मिळाले, पण ते जड होते आणि पेट्रोल खूप प्यायचे. १९४२ मध्ये तुकडी पुन्हा शेव्हर्लेवर आली. याच बॅगनॉल्डने वाळूच्या हालचालीवर लिहिलेले पुस्तक १९४१ मध्ये आले.

त्यांच्या मॉडिफिकेशनमधला प्रत्येक बदल एखाद्या अडचणीचे उत्तर होता. आपण करतो त्यातले किती बदल तसे असतात?

मग गाडी कोणती घ्यावी?

फोर-व्हील ड्राइव्हला महत्त्व आहेच. पण नावावर जाऊ नका. नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्रा थार जानेवारी २०२३ पासून टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. दिसायला तीच, पण पुढच्या चाकांना ताकद नाही. सेकंड हँड घेणाऱ्यांनी लो रेंजचा लिव्हर आहे की नाही, हे हात लावून बघावे. लो रेंजमध्ये वेग घटतो आणि चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क वाढतो. धोऱ्यावरून सावकाश उतरताना आणि रुतलेली गाडी बाहेर काढताना तोच कामी येतो.

मारुती जिम्नी ताकदीने लहान, पण वजन सुमारे १,२०० किलो. वाळूत हलकेपणा हा मोठा गुण आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना कंपनीकडूनच लॉक मिळतो. थार आणि जिम्नीचे ग्राउंड क्लिअरन्स अनुक्रमे २२६ आणि २१० मिलिमीटर आहे. थोडक्यात, धोरे चढण्याइतकी क्षमता या गाड्यांमध्ये शोरूममधून निघतानाच असते. ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही मात्र वेगळ्या. त्यातल्या अनेकींचा क्लच मऊ वाळूत थोड्याच वेळात तापतो आणि ताकद तोडतो.

खर्च कशावर करावा, कशावर नको?

पहिला खर्च चांगल्या प्रेशर गेजवर आणि थेट बॅटरीला जोडता येणाऱ्या एअर कॉम्प्रेसरवर. दुसरा, चेसिसला बोल्ट केलेल्या मजबूत रिकव्हरी हुकवर. तिसरा, ताणला जाणारा रिकव्हरी रोप, शॅकल, फावडे आणि दोन सँड बोर्डवर. टोइंग बॉलला दोर बांधून गाडी ओढण्याची चूक कधीही करू नये. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. आमच्यातला एक जण नेमके तेच करायला निघाला होता. जीपचालकाने वेळीच हात धरला.

नको काय? मड-टेरेन टायर चिखलासाठी बरे, वाळूत त्यांचे खोल खाचे चाकाला खड्डा खणायला मदत करतात. ऑल-टेरेन पुरेसे. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला की गिअरिंगही तेवढेच उंच होते, म्हणजे इंजिनावर जास्त ताण. लिफ्ट किट आणि टपावरचे सामान गुरुत्वमध्य वर नेतात. धोऱ्याच्या उतारावर गाडी आडवी झाली की हीच उंची ती उलटवते. शिवाय पुण्याहून जैसलमेर जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरहून जास्त हायवे आहे आणि वाळू जेमतेम वीस-तीस किलोमीटर. बिघडलेले ब्रेकिंग आणि हँडलिंग घेऊन तो हायवे कापायचा का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, उत्पादकाच्या मूळ तपशीलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे निर्देश दिले. अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते ते वेगळेच. दुकानदार बदल करून देतो, पण त्याची जबाबदारी मालकाच्याच डोक्यावर असते.

वाळवंट रिकामे आहे का?

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सम आणि खुरीच्या आसपासचा बराच भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये किंवा त्याच्या लगत येतो. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्या ओळखीचा असलेला माळढोक तिथे गोडावण म्हणून तग धरून आहे. मादी उघड्या जमिनीवर, साधारणपणे एकच अंडे घालते. नव्या वाटा पाडत सुटलेल्या टायरला ते दिसणार नाही. शेते आहेत, गावांनी राखलेली ओरण नावाची देवराने आहेत. सीमेलगतच्या पट्ट्यात तर परवानगीशिवाय जाताच येत नाही. स्थानिक माणूस सोबत घ्या, आधीच्या चाकोरीतूनच जा.

एकट्या गाडीने वाळूत उतरू नका. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी ठेवा. वाळूत इंधन जास्त जळते, म्हणून टाकी अर्धी होण्याआधी परत फिरा. धोरा सरळ चढा, सरळ उतरा. चाके जागेवर फिरू लागली की लगेच पाय उचला.

आमचा मित्र परतताना जोधपूरला थांबला आणि त्याने कॉम्प्रेसर विकत घेतला. लाइट बार अजून टपावर आहे. तो रात्री वाळवंटात कधीच लागला नाही, कारण जीपचालकाचा दुसरा सल्लाही आम्ही ऐकला होता. अंधार पडायच्या आत वाळूतून बाहेर या.