नटीचे बिऱ्हाड

गेल्या आषाढापासून आमच्या दादरच्या घरात एक पान वाढले आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नाटकात काम करण्याकरिता सांगलीहून मुंबईस आली आणि राहावयास खोली मिळेपर्यंत म्हणून मावशीकडे उतरली. ‘मिळेपर्यंत’ हा शब्द त्या दिवशी सर्वांनीच मोठ्या सहजपणे उच्चारला होता. तिने खोल्या पाहिल्या नाहीत असे नव्हे. एका घरमालकीणबाईंनी तर चहा दिला, कुलदैवत विचारले, भाडेही ठरवले. परंतु कामाहून परत येण्याची वेळ कोणती, असे विचारताच मुलीने खरे ते सांगितले, आणि बाईंनी बोलणे तेथेच आटोपते घेतले. रात्री दोन वाजता परतणारी भाडेकरीण कोणास हवी असते?

पूर्वीचा नट नव्या शहरी जाई, तो असा एकटा जात नसे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले आणि १८५३ साली ते आपली मंडळी घेऊन मुंबईस आले. तेव्हापासून पुढे सात-आठ दशके नाटक मंडळी म्हणजे एक फिरते एकत्र कुटुंबच होते म्हणावयास हरकत नाही. गावात बिऱ्हाड घ्यावयाचे, बरोबर आचारी असावयाचा, सकाळी तालीम आणि मग एका पंगतीत जेवण. नटाला शहर परके वाटले तरी घर परके नसे. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि त्यानंतर ही बिऱ्हाडे एकेक करून मोडत गेली. आता निर्माता नटास प्रयोगापुरता बोलावतो व प्रयोगागणिक पैसे देतो. त्या मोबदल्यास त्या धंद्यात ‘नाईट’ म्हणतात. नाईट मिळते, रात्र कोठे काढावयाची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

अर्थात त्या जुन्या पंगतीत माझ्या भाचीला पान मिळाले नसते, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक मंडळ्यांत नायिका पुरुषच होत. १९३३ च्या १ जुलैस मुंबईच्या रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, याचीच केवढी चर्चा झाली! तो वाद केव्हाच मिटला. आमच्या घरात तर मुलीने नाटकात जावे की न जावे, यावर कोणी चकार शब्द काढला नाही. आमचा वाद झाला तो दाराच्या कडीवरून.

तिचा दिवस कसा असतो ते आधी सांगते. आमची पूजा आटोपते, मुले शाळेत जातात, पहिली पोळी तव्यावर पडते, तेव्हा ती उठते. गच्चीवर जाऊन तासभर आवाजाची मेहनत करते. दुपारी एका शाळेच्या सभागृहात तालीम. शनिवार-रविवार म्हणजे आपल्या विश्रांतीचे दिवस. तिची खरी धावपळ तेव्हाच. दुपारी पार्ल्याच्या दीनानाथला एक प्रयोग, तो संपला की रंग तसाच ठेवून बोरिवली गाठावयाची आणि तेथे रात्रीचा दुसरा. मधल्या वेळचे जेवण म्हणजे नाट्यगृहाचा बटाटेवडा. तो रुचकर असतो हे मी मान्य करते. पण आठवड्यातून चार वेळा तो खाणाऱ्या पोटाचे काय होत असेल, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. म्हणून मी तिच्यासाठी दहीभात झाकून ठेवू लागले. पुण्याचा दौरा असला तर बालगंधर्वला साडेनवाचा प्रयोग, साडेबाराच्या सुमारास पडदा, मग सामान ट्रकात चढते आणि मंडळी बसमध्ये. दादरला उतरेपर्यंत पहाटेचे चार वाजतात.

आणि आमच्या घराची कडी रात्री अकराला पडते. ती आमचे थोरले भाऊजी स्वतःच्या हाताने घालतात. पहिले काही दिवस मुलगी घंटा वाजवी, मी उठून दार उघडी, सासूबाईंची झोप मोडे, आणि नव्वदीच्या घरातल्या माणसाची मोडलेली झोप परत येत नाही. त्या एके सकाळी स्वयंपाकघरात एवढेच म्हणाल्या, “आज पुन्हा चारपासून छताकडे पाहत पडले होते.” मुलगी तेथेच चहा गाळीत होती. तिने ते ऐकले, हे माझ्या ध्यानी आले नाही. त्यानंतर मात्र पुण्याच्या प्रयोगाहून ती सहाच्या पुढेच येऊ लागली. “बसला उशीर झाला,” असे सांगे, आणि हातात पूजेची ताजी फुले असत. सासूबाई प्रसन्न. मीही तिच्या जाणतेपणाचे कौतुक केले. माझ्याइतकी भोळी मावशी विरळाच!

एका सोमवारी तिला सुट्टी होती. सहा महिन्यांत या मुलीने मुंबई पाहिली नाही, असे माझ्या मनाने घेतले आणि मी तिला घेऊन गिरगावात गेले. चौपाटी दाखवली. साहित्य संघाचे नाट्यगृह ती ओळखत होतीच. मात्र कोणत्या विंगेत उभे राहिले असता प्रेक्षकांतला खोकला ऐकू येतो, हेही तिने मला सांगितले. मग रॉयल ऑपेरा हाऊसपाशी आलो. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते उद्घाटन झालेली, पृथ्वीराज कपूरांच्या नाटकांनी गाजलेली, १९९३ साली बंद पडून २०१६ साली पुन्हा उघडलेली ती वास्तू. मी दर्शनी भागाचे नक्षीकाम दाखवीत होते, तर ही मान वाकडी करून बाजूच्या गल्लीकडे पाहत म्हणते, “मावशी, इथे सेट कुठून आत घेत असतील?” हसू आले, आणि थोडे चमत्कारिकही वाटले. पन्नास वर्षे मी या शहरात राहिले, पण माझी मुंबई सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहाला संपते. हिची मुंबई मागच्या दाराने सुरू होते. लोकल एकच्या सुमारास थांबली म्हणजे कोठे उभे राहावे, कोणत्या नाक्यावर चहावाला जागा असतो, हे ती जाणते, मी नाही.

परतताना दादर स्टेशनाजवळच्या फुलबाजारातून आलो. तेथे शेवंतीच्या ढिगामागून एक फूलवाली मुलीकडे पाहून मोठ्याने म्हणाली, “काय ताई, आज उजेडी कशा? आमचं गोणपाट सोडलं वाटतं?”

मी मुलीकडे पाहिले. ती फुले निवडण्यात गुंतल्यासारखे करीत होती.

फूलवालीनेच सर्व सांगितले. पुण्याची बस चारला सोडी. त्या वेळी फुलबाजार नुकताच भरत असतो. घरची घंटा वाजवावयाची नाही म्हणून ही तेथे जाऊन बसे, त्या बाईला शेवंती सोडवू लागे, आणि आमच्याकडे दूध आले असेल अशा बेताने सहाला उठे. “बायामाणसं असतात इथं, म्हटलं बस,” असे ती बाई मला समजावीत होती. त्या परक्या बाईचे माझ्यावर जे उपकार झाले, ते मला तेथे नीट बोलूनही दाखवता आले नाहीत.

रात्री जेवणे झाल्यावर मी हा विषय काढला. भाऊजींचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. जुनी इमारत, खाली पहारेकरी पेंगतो, रात्रभर कडीवाचून दार ठेवणे धोक्याचे. जाऊबाईंना शेजाऱ्यांची काळजी. ‘हे’ नेहमीप्रमाणे सुपारी कातरीत राहिले. मग सासूबाईंनी भाऊजींना विचारले, “नातू दोन वर्षे रात्रपाळीला जात होता, तेव्हा कडी कोण घालीत होते?”

कोणीच घालीत नव्हते. त्याच्याजवळ लॅचची किल्ली असे, आणि तो पहाटे तीनला आला तर त्याच्या खोलीत आम्ही दुपारपर्यंत मुलांना ओरडू देत नसू.

“ती नोकरी होती,” भाऊजी म्हणाले.

“मग हे काय आहे?” सासूबाईंनी विचारले.

भाऊजींनी उत्तर दिले नाही. पानाचा डबा मिटून ते उठले आणि अकरा वाजता कडी घातलीच. ती रात्र मला झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते बाजारातून आले, ते नवी किल्ली करून घेऊन. ती मुलीपुढे ठेवली आणि म्हणाले, “हिला पत्त्याची चिठ्ठी अडकवू नकोस. हरवलीस तर कुलूप बदलण्याचा खर्च तुझ्या नाईटमधून. आणि प्रयोग नसेल त्या रात्री कडी पडेल, तेव्हा तारखा त्या कॅलेंडरवर लिहून ठेव.”

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि एकादशी यांच्या शेजारी ‘पुणे, ९.३०’ असे तिच्या अक्षरात लिहिलेले असते. फुले मात्र अजून येतात. सासूबाईंनी कालच सांगितले आहे की शेवंती पुरे झाली, मिळाला तर सोनचाफा आण.