अर्धे तिकीट कोणाला?

सिडनी शहराच्या पश्चिमेस, मध्यवर्ती स्थानकापासून वीस किलोमीटरांहून अधिक अंतरावर, हॅरिस पार्क नावाचे उपनगर आहे. भारतीय दुकाने आणि खानावळी यांमुळे ते प्रसिद्धीस आले. सकाळी तेथील फलाटावर एकाच वर्गात शिकणारे दोन विद्यार्थी उभे आहेत असे समजू. एक स्थानिक, दुसरा पुण्याहून किंवा नाशिकहून बँकेचे कर्ज काढून गेलेला. गाडी एक, डबा एक, उतरण्याचे स्थानकही एक. परंतु फाटकापाशी कार्ड टेकवताना पहिल्याच्या खात्यातून अर्धे भाडे जाते, दुसऱ्याच्या खात्यातून पूर्ण. या फरकामागे कोणते तत्त्व आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

रक्कम किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने २०१९ साली आठवड्याच्या प्रवासखर्चाला प्रौढांसाठी ५० डॉलरांची कमाल मर्यादा घातली. सवलतधारकाला ती २५ डॉलर होती. नोकरदारास हा फरक जाणवणार नाही, परंतु तासावर मजुरी करून खोलीभाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात तो एकदोन दिवसांच्या जेवणाचा प्रश्न असतो. शिवाय तेथील आगगाडीचे भाडे अंतरानुसार वाढते. शहराच्या मध्यभागी राहणे परवडत नाही म्हणून जो दूर राहतो, त्यालाच प्रवासाचे अधिक मोजावे लागते. खोलीभाड्यात वाचवलेला पैसा असा तिकिटाच्या वाटेने परत जातो.

परदेशी विद्यार्थ्याकडे पाहण्याची ऑस्ट्रेलियाची दृष्टी नेहमीच अशी नव्हती. १९५० च्या कोलंबो योजनेनुसार आशियातील विद्यार्थी तेथे पाहुणे म्हणून जात. १९७४ साली व्हिटलॅम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने विद्यापीठीय शुल्क रद्द केले. १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांवर स्वतंत्र आकार बसला. १९८५ साली पूर्ण शुल्क भरणाऱ्यांना प्रवेश देण्याचे धोरण आले आणि १९९० पासून नव्याने येणाऱ्यांसाठी पूर्ण शुल्क हाच नियम झाला. शिक्षण ही निर्यातीची वस्तू ठरली आणि विद्यार्थी गिऱ्हाईक ठरला. प्रवाससवलतीचा प्रश्न या परिवर्तनाचे छोटेसे अपत्य आहे.

सवलत नाकारण्याचा निकष नागरिकत्व हा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ऑस्ट्रेलिया सरकारची शिष्यवृत्ती घेऊन आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला न्यू साउथ वेल्समध्ये सवलतीचे कार्ड मिळते. स्वतःच्या खर्चाने आलेल्याला ते मिळत नाही. म्हणजे ज्याचा खर्च दुसऱ्याने उचलला आहे त्याला अर्धे तिकीट, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला पूर्ण! गरजेच्या कोणत्याही कसोटीवर हा नियम टिकणार नाही.

कायद्याच्या कसोटीवरही तो टिकला नव्हता. २००६ साली राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने या वागणुकीत भेदभावविरोधी कायद्याचा भंग होतो असा निर्णय दिला. तेव्हा सरकारने नियम बदलला नाही, कायदा बदलला. त्याच वर्षी वाहतूक प्रशासन कायद्यात दुरुस्ती करून परदेशी विद्यार्थ्यांना सवलतीतून वगळण्याचा अधिकार पक्का करण्यात आला. खेदाची बाब ही की, त्या वेळी राज्यात सत्ता होती ती मजूर पक्षाची.

सरकारी बाजूचा युक्तिवाद साधा आहे. सवलतीचा भार करदात्यांवर पडतो. परदेशी विद्यार्थी आपला खर्च आपण करू शकतो असे सिद्ध करूनच प्रवेशपरवाना मिळवतो. मग त्याला करदात्यांनी का पोसावे? या युक्तिवादाचा पहिला दोष असा की, तो विद्यार्थीही करदाताच आहे. तो मजुरीवर प्राप्तिकर आणि खरेदीवर १० टक्के वस्तू-सेवा कर भरतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जानेवारी २०२२ मध्ये मजुरांची टंचाई भासू लागताच केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवरील मर्यादा उठवली. १ जुलै २०२३ पासून ती पंधरवड्यास ४८ तास अशी पुन्हा लागू झाली. श्रमाची गरज असेल तेव्हा तो शहराचा आणि तिकिटाचा प्रश्न आला की परका, अशी ही सोयीची व्यवस्था आहे. खानावळीतील भांडी, कचेऱ्यांची साफसफाई, वृद्धांची शुश्रूषा ही कामे जे हात करतात, त्यांना कामावर पोहोचवणे ही शहराचीही गरज आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी निष्कर्ष बदलत नाही. रेल्वेचा बहुतांश खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. रात्री दहाच्या अर्ध्या रिकाम्या गाडीत आणखी एक प्रवासी बसल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. सकाळच्या गर्दीत तो वाढतो हे मान्य केले पाहिजे. परंतु गर्दीच्या वेळी स्थानिक विद्यार्थीही तितकीच जागा व्यापतो. प्रवाशाचा पासपोर्ट पाहून खर्च कमीजास्त होत नाही.

या वादातून बाहेर पडण्याची एक वाट शेजारच्या क्वीन्सलंड राज्याने दाखवली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील मजूर पक्षाच्या सरकारने ब्रिस्बेनसह आपल्या सार्वजनिक वाहतूकजाळ्यात अंतर कितीही असो, ५० सेंटचे एकच तिकीट प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले. ऑक्टोबरात सत्तांतर झाले, परंतु प्रतिपक्षाच्या नव्या सरकारलाही ते तिकीट चालू ठेवावे लागले. सर्वांनाच तिकीट स्वस्त झाल्यावर विद्यार्थी देशी की परदेशी, हा प्रश्नच उरला नाही. त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडतो हे खरे. स्वस्त तिकिटाने जेथे बस नाही तेथे बस येत नाही हेही खरे. परंतु जी सेवा सर्वांची असते तिच्या रक्षणासाठी सर्व उभे राहतात. जी सवलत गटांपुरती असते, तिच्यातून दुबळ्या गटाला वगळणे सोपे जाते.

हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही. १९९७ साली सार्वजनिक वितरण व्यवस्था लक्ष्याधारित झाली, तेव्हा दारिद्र्यरेषेच्या कार्डासाठी गोरगरिबांना किती खेटे घालावे लागले, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव पाहिले आहे. पुण्यासारख्या शहरात मराठवाडा-विदर्भातून, ईशान्य भारतातून, तसेच आफ्रिकेतूनही विद्यार्थी येत आले आहेत. सिडनीतील मराठी मुलावर होणाऱ्या अन्यायाची चीड येणाऱ्याने आपल्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परगावच्या आणि परदेशच्या विद्यार्थ्याला त्याच मापाने मोजले पाहिजे. म्हणून बसच्या पासाची मागणी करताना ती रहिवासाच्या दाखल्याला बांधून घेऊ नये. जो शिकतो आणि ज्याला प्रवास करावा लागतो, त्याला पास मिळाला पाहिजे, एवढी एकच अट त्या मागणीत असावी.