किरणोपचार किती दिवसांचा, आणि कशाचा?

फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरल्याचे एम.आर.आय.मध्ये दिसते आणि डॉक्टर सांगतात, ‘तीन दिवस किरणोपचार देऊ.’ घरची माणसे चपापतात. ओळखीतल्या कुणाला महिनाभर ‘लाईट’ दिलेली असते. मग आपल्या माणसाला तीनच दिवस का? आशा सोडली की काय? वाचकहो, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु दिवसांच्या संख्येवरून उपचाराचे बळ ठरत नाही.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. ती विभागून देण्याचे कारण असे, की दोन मात्रांच्या मधल्या काळात निरोगी पेशी आपली हानी बऱ्याच अंशी भरून काढतात. कर्कपेशींना ते तितके साधत नाही. एका वेळची मात्रा वाढवली की गाठीवरचा आघात वाढतो, पण भोवतालच्या मेंदूलाही सावरण्यास अवसर उरत नाही. म्हणून मोठी मात्रा द्यायची, तर ती गाठीवरच एकवटेल आणि बाहेर झपाट्याने ओसरेल, अशी व्यवस्था हवी. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली. आज सूक्ष्म एम.आर.आय., रुग्णाच्या मापाचा मुखवटा आणि लिनिअर ॲक्सिलरेटर यांच्या साहाय्याने ती एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेने अमलात आणता येते.

लहान गाठीला, तिच्या आकारानुसार, एकाच बैठकीत १५ ते २४ ग्रे देता येतात. गाठ मोठी असेल किंवा नाजूक भागाजवळ असेल, तर मात्रा तीन ते पाच बैठकांत विभागतात. उदाहरणार्थ, ९ ग्रेच्या तीन मात्रा, म्हणजे २७ ग्रे. संपूर्ण मेंदूला किरण देताना मात्र ३ ग्रेच्या दहा मात्रा, म्हणजे ३० ग्रे, ही रूढ पद्धत. बेरीज २७ची लहान दिसते, तरी गाठीवरचा परिणाम तिचाच अधिक असतो. शिवाय उर्वरित मेंदू वाचल्याने स्मरणशक्तीही अधिक शाबूत राहते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. संपूर्ण मेंदूलाही कधी ४ ग्रेच्या पाचच मात्रा देतात. तेही पाच दिवस आणि हेही पाच दिवस; परंतु उपचार सर्वस्वी निराळे. पहिल्याचा हेतू बहुधा त्रास कमी करण्याचा असतो. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ५३८ रुग्णांचा ‘क्वार्ट्झ’ हा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हे रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचे होते. मेंदूतील गाठींवर शस्त्रक्रिया वा नेमका किरणोपचार त्यांना योग्य नव्हता. संपूर्ण मेंदूला पाच मात्रा दिल्याने त्यांच्या आयुर्मानात वा जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून काही वेळा किरण न देता औषधांनी आराम देणे, हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो; ती हेळसांड नव्हे.

नेमक्या किरणोपचारालाही मर्यादा आहेत. मेंदूत अन्यत्र नव्या गाठी उद्भवू शकतात; म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एम.आर.आय. चुकवू नये. काही महिन्यांनी उपचारित जागी मृत ऊतींमुळे सूज येऊ शकते. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढते. ती तपासत राहा आणि हे औषध स्वतःहून एकाएकी बंद करू नका. झटका आला, शुद्ध हरपू लागली किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर तत्काळ रुग्णालय गाठा.

आपल्या भागात दिवसांचा हिशेब प्रवासाशीही जोडलेला आहे. चंदगड वा गगनबावड्याहून आजारी माणसाला दहा वेळा कोल्हापूरला आणणे, किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात नेऊन तेथे मुक्काम करणे, यात घराची शक्ती खर्ची पडते. ही अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मात्रांची आखणी करताना तिचाही विचार होऊ शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमका कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना आधीच विचारा.

पुढच्या भेटीला जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. किरण गाठीला की संपूर्ण मेंदूला? गाठी किती आणि केवढ्या? हेतू गाठ आटोक्यात ठेवण्याचा की त्रास कमी करण्याचा? उपचार न घेतल्यास काय होईल? हीच सोय घराजवळ आहे का? आणि हे सारे ठरवताना रुग्णाला वगळू नका. हाती असलेले दिवस त्याचे आहेत. त्यांतले किती रुग्णालयात घालवायचे, हे सांगण्याचा पहिला अधिकारही त्याचाच.